तक्रारदार

रेडिओ दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळं गाव ‘परवाना’ म्हणायचं. अकरा वर्षं त्याला एकच ध्यास होता: गावासाठी छोटंसं रेडिओ केंद्र काढायचं आणि तेही रीतसर, सरकारी परवाना घेऊन. दुकानामागच्या खोलीत त्यानं स्वतःच्या हातानं ट्रान्समीटर जुळवला होता. रोज सकाळी मायक्रोफोनसमोर बसून तो बसच्या वेळा, पाणी कधी येणार, कोण वारलं, कुणाची शेळी हरवली हे खणखणीत आवाजात वाचायचा. ऐकायला एकटी बायको. परवान्याशिवाय यंत्र सुरू करणं गुन्हा, म्हणून फ्यूज काढून तिच्याकडे ठेवायला दिला होता. गुन्हा चुकूनसुद्धा घडू नये म्हणून.

परवाना देणारी कचेरी शहरात, तिसऱ्या मजल्यावर. तिथली मंडळी अर्ज वाचत नसत, त्यात खोट शोधत. पहिल्या वर्षी सही निळ्या शाईत होती म्हणून अर्ज परत आला. दुसऱ्या वर्षी प्रसारणाच्या मनोऱ्याचा फोटो नव्हता म्हणून. आता मनोरा उभारायला परवाना हवा आणि परवान्याला मनोऱ्याचा फोटो, हे कसं जमायचं? त्यानं नम्रपणे विचारलं, तर कारकून म्हणाला, “नियम मी केलेत का?” त्या नियमातली ही गाठ वरच्या साहेबांना कळायला चार वर्षं लागली. कळली तेव्हा त्यांनी फोटोऐवजी नकाशा चालेल असं परिपत्रक काढलं आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली. आपल्या शहाण्याला त्यातही सरकारचा मोठेपणा दिसला.

त्याच गावात लाऊडस्पीकर भाड्यानं देणारा एक इसम होता. त्यानं परवान्याबिरवान्याच्या नादी न लागता गच्चीवर तार टांगली आणि गाणी, जाहिराती, वाढदिवसाच्या शुभेच्छा सरळ हवेत सोडल्या. लोक खूश. परवान्याच्या अंगाचा मात्र तिळपापड झाला. दोन वर्षांत त्यानं दोन तक्रारी ठोकल्या. तारखा, वेळा, फ्रिक्वेन्सी, कार्यक्रमांची यादी, सगळं सुवाच्य अक्षरात. दोनदा छापा पडला, दोनदा दंड झाला, आणि दोन्ही वेळा आठवड्याभरात गच्चीवर नवी तार चढली.

यंदा कचेरीनं जाहीर केलं की गावासाठी एकच केंद्र मिळेल. अर्ज दोघांचेच. नियम असा, की ज्याला प्रसारणाचा दोन वर्षांचा अनुभव त्याला आधी. अनुभव कुणालाच नसेल तर जुन्या अर्जाला. लाऊडस्पीकरवाल्यानं अनुभवाचा पुरावा म्हणून दंडाचे दोन्ही आदेश आणि त्यामागच्या तक्रारींच्या नकला जोडल्या. कचेरीनं त्या मान्य केल्या! फक्त तक्रारदारानं समोर येऊन सही ओळखावी, एवढंच राहिलं होतं.

निघताना बायको म्हणाली, “सही माझी नाही, एवढंच सांगा. तक्रारी बाद झाल्या की त्यांवरचे दंडही बाद, त्याचा अनुभव गेला. मग केंद्र आपलंच.”

“आणि खोटं बोलू?”

“अकरा वर्षं खरं बोलून काय मिळालं? मी एकटीच ऐकतेय रोज. कंटाळा आलाय मला, शेळ्या हरवल्याचं ऐकून.”

तिसऱ्या मजल्यावर कारकुनानं तक्रारींचे कागद पुढे सरकवले. एका ‘नाही’नं सगळं हाती येणार होतं आणि हे परवान्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानं कागद उलटसुलट केले. आपलंच अक्षर, आपलीच वळणदार सही, खाली तारीखसुद्धा बरोबर.

“तुमचीच ना?”

“माझीच.”

कारकुनानं शिक्का मारला आणि फाइल बांधत म्हणाला, “तुमच्यासारखे कायदा पाळणारे लोक आहेत म्हणून ही कचेरी चालते बघा.”

आणि त्या वेड्याला, जिना उतरेपर्यंत, हे ऐकून बरं वाटलं.