नागप्पाकाकांचा सोमवार

नागप्पाकाका आमच्या शेजारी, भिंतीला भिंत लागून राहतात. वय सत्तर, जमीन चार एकर, बैल दोन. अहमदपूरच्या पलीकडं आमच्या गावात आता बैलांची ती एकच जोडी उरली आहे. सोमवार महादेवाचा वार आणि बैल म्हणजे त्याचा नंदी, म्हणून काका सोमवारी बैलांच्या मानेवर जू ठेवत नाहीत. एका सोमवारी काढलेलं सोयाबीन रानात भिजलं, त्याला कोंब फुटले, तरी त्यांनी गाडी जुंपली नाही. गाव हसलं. काकांनी कोंब गाईला घातले.

परवाच्या सोमवारी मी लिंगपूजा आटपून उठले, तेवढ्यात डोक्यावर मिक्सरमध्ये खडा पडावा तसा आवाज झाला. लातूरहून उडालेलं शिकाऊ विमान काकांच्या रानात उतरलं. आत दामिनी नावाची एकटीच मुलगी. तिला काही झालं नव्हतं. इंजिन बंद पडलं तेवढं सोडलं, तर विमानालाही नाही. पण परतीच्या पावसानं काळं रान लोण्यासारखं झालेलं, तिन्ही चाकं निम्मी आत गेली होती.

दुपारी मेकॅनिक आला. म्हणाला, "सडकेपर्यंत आणून द्या, पुढं ट्रकमध्ये घालून नेतो." सडक शंभर पावलांवर. पण आभाळ भरून आलं होतं. अजून एक सर पडली की विमान दिवाळी इथंच करणार, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

गावातल्या वीरण्णानं मोठ्या हौसेनं आपला ट्रॅक्टर आणला. तो विमानाच्या अलीकडंच चाकांच्या आसापर्यंत रुतला. आता रानात दोन झाले.

"काका, बैलंच आना," वीरण्णा म्हणाला.

"आज सोमवार हाय."

"विमानाला काय ठावं सोमवार?"

"बैलाला ठावं हाय."

सगळं गाव बांधावर उभं राहून काकांकडं बघत होतं. दामिनी पुढं आली. "काका, मी पहिल्यांदाच एकटी उडाले होते. पाया पडते तुमच्या. आजच्या दिवस."

काकांनी पागोटं सोडून पुन्हा बांधलं. मला वाटलं, मोडला यांचा नेम.

"पोरी, सोमवार बैलाला हाय," ते म्हणाले. "मला न्हाई."

घरी जाऊन ते जू घेऊन आले. स्वतःच्या खांद्यावर.

चाकांपुढची माती त्यांनी उतरती खणून घेतली. आम्ही बायकांनी तिथं तुराट्या आणि रिकामी पोती अंथरली. मेकॅनिकनं मागच्या दोन चाकांच्या पायांना दोर बांधून दिला.

"वीरण्णा, वजन किती तुझं?" काकांनी विचारलं.

"एकशेचार. का?"

"शेपटीकडं जा आन् दाब. म्हंजी नाकाचं चाक वर येतंय."

मेकॅनिक म्हणाला, "मी तेच सांगणार होतो." कुठं दाबायचं ती जागा त्यानं दाखवली. वीरण्णा जन्मात पहिल्यांदा वजनानं कामी आला.

जुवाच्या एका अंगाला काका, दुसऱ्या अंगाला आमचे हे. दोराला बाकीचं गाव. "हो, चल! चल, राजा!" काका स्वतःलाच हाकत होते. मागच्या तुराट्या उचलून पुढं, पुन्हा मागच्या पुढं, असं करत विमान सडकेवर चढलं आणि पावसाचा पहिला थेंब पंखावर पडला. मी मनात ओम नमः शिवाय म्हटलं. दामिनी काकांच्या खरंच पाया पडली.

पाऊस वाढला तसा वीरण्णा आला. "काका, माझा ट्रॅक्टर?"

"आज सोमवार हाय."

"मग मानसंच लावू की!"

"मानसं दमली. उद्या बैल लावू."

मंगळवारी बैल जुंपून ट्रॅक्टर काढला, त्याला दुपार झाली. संध्याकाळी मी काकांच्या सोललेल्या खांद्यासाठी तेलात गरम केलेली हळद घेऊन गेले. त्यांनी वाटी हातात घेतली, बोट बुडवून पाहिलं.

"सूनबाई, अजून हाय का गं?" म्हणाले.

वाटी घेऊन ते गोठ्यात गेले. आधी बैलांच्या माना झाल्या, मग उरली तेवढी खांद्याला लावली.