खिडकीतली मेथी

कॉलेजात वनस्पतिशास्त्राचं प्रात्यक्षिक चालू होतं. शिपायाने दाराशी बोलावलं, तर बाहेर दादा उभा. गिरणीतून तसाच आलेला, केसांत कापूस. "चल," एवढंच म्हणाला. वहिनी परळच्या इस्पितळात होती, त्यामुळे मी तसाच त्याच्यामागे निघालो... त्याला आता महिना उलटला.

लग्न होऊन वहिनी मालवणाकडून नायगावच्या आमच्या खोलीत आली. खोलीला एकच खिडकी, तीही समोरच्या चाळीच्या भिंतीकडे. "हयसर काय रुजात काय?" इथे काही उगवेल का, असं तिने आल्या आल्या विचारलं होतं.

संयुक्त महाराष्ट्राच्या हरताळांत कॉलेज बंद पडलं, तेव्हा रंगीत उजेडाचा प्रयोग मी घरीच मांडला. आकाशकंदिलाचा उरलेला तांबडा, निळा, हिरवा जिलेटीन कागद खोक्यांना लावला आणि आत मेथी पेरलेले डबे ठेवले. चौथं खोकं काळोखाचं, पूर्ण बंद. वहिनीने पैज हिरव्यावर लावली. दादा पाळी संपली की मोर्च्याला जायचा, मी पुस्तकात. दिवसभर तिला सोबत त्या खोक्यांचीच. हिरव्याखालची मेथी मरगळली. निळ्याखालची बुटकी पण दणकट निघाली. मग तिने बंद खोकं उघडलं.

"भावजीनू, बघा. काळोखातली सगळ्यांत उंच गेली."

"ती वाढ नव्हे, वहिनी. उजेड शोधायला रोप नुसतं ताणतं. मग आडवं पडतं."

ती त्या पिवळ्या देठांकडे बघत राहिली. "मगे ह्या खोलयेत रवान मीय उंच होतलंय," म्हणाली आणि हसली. मीही हसलो...

प्रयोग संपला तरी खिडकीत मेथीचा एक डबा कायम राहिला. रोपं उजेडाकडे कलतात, म्हणून रोज सकाळी स्टोव्ह पेटवण्याआधी ती डबा फिरवून ठेवायची. दादा चिडवायचा, "आधी माका चाय दी, मगे तुझ्या पोरांका फिरव."

इस्पितळात जाण्याआधी तिने नवं बी टाकलं होतं. तिला स्मशानात पोचवून आम्ही परतलो, तेव्हा ते उगवून आलं होतं. सगळी रोपं एका अंगाला कललेली. तेव्हापासून सकाळी डबा मी फिरवतो. दादा तिकडे बघतही नाही, असं मला वाटायचं.

काल मला उठायला उशीर झाला. खिडकीशी गेलो तर रोपं खोलीकडे तोंड करून होती. डबा कोणीतरी आधीच फिरवला होता. दादा पाठमोरा बसून चहा पीत होता. मी माझा कप घेतला आणि त्याच्या शेजारी बसलो.