तळाच्या टीमला पहिली निवड

एखादी गोष्ट मनापासून आवडली की कोच दोन्ही कोपरं कमरेशी घेत आणि दोन्ही तर्जन्या खटकन समोर रोखत. गोष्ट जेमतेम असली तर एकच बोट. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये गोलपाशी उभ्या असलेल्या पंचाची ही खूण. चेंडू मधल्या दोन उंच खांबांमधून गेला तर दोन बोटं आणि सहा गुण, थोडक्यात चुकून बाजूने गेला तर एक बोट आणि एक गुण. नॉटिंगहॅमच्या आमच्या मंडळात मात्र ही खूण श्रीखंडापासून नाटकापर्यंत कशालाही मिळे. एका वहिनींच्या उकडीच्या मोदकाला एकच बोट मिळालं, तेव्हा त्यांनी कोचना पुढच्या गणपतीपर्यंत मोदक दाखवला नव्हता.

ते मूळचे नागपूरचे. पेशाने भूलतज्ज्ञ. आमच्या मंडळात ‘डॉक्टर’ अशी हाक मारली तर अर्धा हॉल वळून बघायचा, म्हणून त्यांना सगळे कोच म्हणत. नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात येण्याआधी त्यांनी बरीच वर्षं मेलबर्नमध्ये काढली होती. तिथून येताना त्यांनी एक लाल, लांबट चेंडू आणला होता. तो कायम गाडीच्या डिकीत. कोणी त्याला रग्बीचा बॉल म्हटलं की ते म्हणत, “अबे, मग मला भूतज्ज्ञ म्हण.”

माझी त्यांची ओळख क्रिकेटमुळे झाली. दोन हजारनंतरच्या त्या वर्षांत पुण्या-मुंबईहून माझ्यासारखे सॉफ्टवेअरवाले वर्क परमिटवर येऊ लागले होते. मंडळाच्या चार टीम झाल्या. उन्हाळ्यात दर रविवारी कौन्सिलच्या ग्राउंडवर टेनिस बॉलने मॅच. टीम कशा करायच्या याचा नियम काही नव्हता. ओळखीवर व्हायच्या. कोणी एकाच कॉलेजचे, कोणी एकाच कंपनीचे, कोणी एकमेकांचे मेहुणे. जे उरतील ते चौथ्या टीममध्ये. मी उरणाऱ्यांत होतो.

ते मला नवीन नव्हतं. माझे वडील एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये हेल्पर. आमच्या घरात कॉलेज पूर्ण करणारा मी पहिला. मंडळात “तुम्ही कुठल्या कॉलेजचे?” असं कोणी विचारलं की मी तालुक्याच्या कॉलेजचं नाव घेई, स्पष्ट आणि मोठ्याने. समोरचा “अच्छा, अच्छा” म्हणून चहाकडे वळे. वळला तर वळला. मी त्या कॉलेजातून पहिल्या वर्गात पास झालो होतो, आणि नाव खालच्या आवाजात घ्यायला मला जमत नसे.

चौथ्या टीमचे कॅप्टन कोच होते. आम्ही इतक्या नेमाने हरायचो की आमची माणसं येईनाशी झाली. एकाला पाठदुखी, एकाच्या मुलीचा पियानोचा क्लास. शेवटी मंडळाच्या वार्षिक सभेत कोच उभे राहिले.

“राजेहो, ही लीग मरून राहिली आहे. तेच जिंकतात, तेच हरतात. आपण ड्राफ्ट करू.”

“कसला ड्राफ्ट? ठरावाचा?” अध्यक्षांनी विचारलं. अध्यक्ष पुण्याचे, जी.पी., आणि तिसऱ्या टीमचे कॅप्टन.

मग कोचनी समजावून सांगितलं. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये सीझन संपला की देशभरातल्या नव्या पोरांची निवड होते. जो क्लब तळाला, तो पहिला निवडतो, म्हणजे पहिला ‘पिक’ त्याचा. त्याच्यावरचा, दुसरा. चॅम्पियन सगळ्यांत शेवटी. सगळ्यांचा एकेक झाला की पुन्हा तळापासून सुरू. म्हणजे आज जो खाली आहे, तो कायम खाली राहत नाही.

“आणि पोराला दुसरीकडे जायचं असेल तर?”

“पोराला विचारत नाहीत. पर्थचं पोरगं, मेलबर्नच्या क्लबने नाव घेतलं की बॅग भरून मेलबर्नला. घरापासून किती लांब, ते नकाशात बघा. आई रडते, बाप फोटो काढतो, पोरगं निघतं.”

आम्ही सगळेच बॅगा भरून आलेलो होतो.

“बाप-लेकाची तरी ताटातूट करत नसतील,” मागून कोणीतरी म्हणालं.

“नाही करत. बाप त्या क्लबसाठी भरपूर खेळला असेल तर पोरावर त्याच क्लबचा हक्क. तसा वेगळा नियमच आहे.”

झालं! सभा पेटली. बाप-लेक चालत असतील तर मामा-भाचे का नाही? दाजी-मेहुणे? साडूंचं काय? एकाने तर घरमालक आणि भाडेकरू यांना एका टीममध्ये ठेवण्याचा ठराव मांडला, कारण ग्राउंडवर यायला गाडी एकच होती. कोच शांतपणे ऐकत राहिले. मग म्हणाले, “आपली लीग कालची आहे. इथे कोणाचा बाप खेळलाय? नातं घरी ठेवा.”

अध्यक्ष म्हणाले, “दोन वर्षं करून बघू. पटलं नाही तर पुन्हा जुनी पद्धत.” या एका अटीवर ड्राफ्ट मंजूर झाला.

पहिला ड्राफ्ट शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये झाला. कॅप्टन सोडून सगळ्यांची नावं टोपीत नाही, तर फळ्यावर, सगळ्यांसमोर. कॅप्टनने उभं राहून नाव घ्यायचं. पुढच्या वर्षीपासून फळ्यावर फक्त नव्याने आलेल्यांची नावं. चॅम्पियन टीमच्या कॅप्टनने एका गृहस्थांना बरंच वर घेतलं. ते बॅट पकडायचे झाडूसारखी, पण त्यांच्या बायकोचे बटाटेवडे ग्राउंडवर प्रसिद्ध होते. त्या वहिनी तिथेच बसल्या होत्या. म्हणाल्या, “एवढंच आहे तर मलाच घ्या की. मी शाळेत बोलिंग टाकायची.”

सगळे हसले. कोच हसले नाहीत. “टाकायच्या? मग फळ्यावर लिहा यांचं नाव.” आणि पुढच्या फेरीत त्यांनी वहिनींना आमच्या टीममध्ये घेतलं. वडे फुटले, नवरा एकीकडे आणि बायको दुसरीकडे. पण वहिनींचा हात खरोखरच सरळ होता.

माझं नाव बरंच खाली आलं. नाराजी चेहऱ्यावर दिसली असावी. पार्किंगमध्ये कोच म्हणाले, “काय रे, तोंड काहून पाडून राहिला? कितव्या नंबरवर घेतलं ते पहिल्या मॅचपर्यंत लक्षात राहतं. त्यानंतर लोकांना फक्त तू काय केलं ते आठवतं.”

“तुम्हीच खाली घेतलंत, कोच.”

“तुला कोणी घेणार नाही हे मला माहीत होतं. वर घेऊन पिक कशाला वाया घालवू?”

असा माणूस! राग यायच्या आधीच आपल्याला हसू येतं.

दोन वर्षं लीग छान रंगली. चॅम्पियन बदलले. पाठदुखीवाले परत आले. आम्ही मात्र दुसऱ्या वर्षीही तळाशीच रेंगाळत होतो, आणि सोबतीला अध्यक्षांची टीम. शेवटची मॅच आमची आणि त्यांची. जो हरेल तो चौथा.

नेमकं त्याच वेळी कळलं की मुंबईचा एक इंजिनियर नॉटिंगहॅमला कायमचा येतोय. मुंबईच्या क्लब क्रिकेटमध्ये फास्ट बोलिंग टाकायचा. पुढच्या ड्राफ्टला त्याचं नाव फळ्यावर असणार होतं. म्हणजे जो हरेल, त्याला तो पोरगा मिळणार.

आता तुम्हीच सांगा, आपली माणसं काय करतील? कोचनी आणलेल्या नियमाचा आपल्या लोकांनी असा अभ्यास केला की मेलबर्नवाल्यांनी तोंडात बोट घालावं. अध्यक्षांच्या सलामीच्या जोडीने एकमेकांकडे पाहून धावबाद व्हायचं ठरवलं, आणि आमच्या फिल्डरने बॉल उचललाच नाही. दोघंही एका टोकाला उभे, बॉल गवतात, आणि सगळे एकमेकांना “तुम्ही आधी” म्हणताहेत. आमचा बोलर असे वाइड टाकत होता की विकेटकीपरला धावत बाउंड्रीवर जावं लागे.

कोचनी बॉल मागून घेतला. बोलरला म्हणाले, “तू बस.” मग आम्हाला सगळ्यांना पिचपाशी बोलावलं. त्यांचा आवाज चढला नव्हता.

“मेलबर्नला माझा क्लब एका वर्षी असा खालीच राहिला. मी पोरीला घेऊन मॅचला गेलो होतो. आमचा गोल हुकला आणि आमच्याच काही लोकांनी टाळ्या वाजवल्या, पिक मिळणार म्हणून. पोरगी म्हणाली, बाबा, आपण कोणाच्या बाजूने आहोत? इथे मला तो प्रश्न नको. आज हरलो मुद्दाम, तर ड्राफ्ट संपला. लोक म्हणतील, याने हरायचं बक्षीस आणलं. आणि ते खरं असेल. आपण जिंकायचं.”

“पण तो बोलर, कोच,” कोणीतरी पुटपुटलं.

“तो बोलर चांगला आहे. म्हणूनच त्याला कोणीतरी हरून मिळवलेलं मला बघवणार नाही.”

अध्यक्षांची टीम लवकरच आउट झाली, आपण होऊन. मग आमची बॅटिंग. आमच्यातले निम्मे अजून मनातून हरत होते, ते आले आणि गेले. उरलो मी, कोच, आणि शेवटी वड्यांच्या वहिनी. अध्यक्ष स्वतः बोलिंगला. त्यांनी वाइडचा सपाटा लावला, रन आम्हाला फुकट मिळावेत म्हणून.

इथे कोचनी जे केलं ते मी क्रिकेटमध्ये पुन्हा पाहिलं नाही. पन्नाशीला आलेला तो माणूस प्रत्येक वाइडच्या मागे धावू लागला. बॉल पार बाहेर, आणि कोच क्रीज सोडून, एक पाय हवेत, बॅट लांबवून त्याला मारताहेत. फुकटचा रन त्यांना नको होता. दोन-तीन लागलेसुद्धा. मग एक हुकला. कोच पिचच्या मध्यावर आडवे, बॉल कीपरच्या हातात. कीपर आकाशाकडे बघत उभा.

“उडव ना बे बेल्स!” कोच ओरडले.

“राहू द्या हो, कोच. मला काही दिसलं नाही.”

कोच उठले. गुडघ्याला गवत लागलं होतं. त्यांनी ग्लोव्ह्ज काढले आणि चालू लागले.

“अहो कोच, अपील कुठे केलंय कोणी?” अध्यक्ष म्हणाले.

“माझ्या हिशेबाने मी आउट आहे. मला माहीत आहे, तेवढं पुरे.”

माझ्याजवळून जाताना ते थांबले. “आता तू आणि वहिनी. काय करायचं ते तुम्ही ठरवा.”

ठरवायला फार वेळ लागला नाही. मी आयुष्यात पास होत होत इथवर आलो होतो. नापास होऊन पुढे जायची विद्या माझ्याकडे नव्हती. वहिनींना मी म्हटलं, “वाइड सोडायचे नाहीत.” त्या म्हणाल्या, “भाऊजी, मी वडे सोडून आलेय का इथे वाइड सोडायला?” पुढचा बॉल इतका बाहेर होता की त्यांनी बॅट एका हाताने फिरवली. बॉल कव्हरकडे गेला, फिल्डर मुद्दाम हळू गेला, आणि आम्ही तरीही असे पळालो की माझा बूट पिचवर राहिला. जिंकलो.

अध्यक्ष हसत हसत आले. “अभिनंदन! बोलर आमचा.” कोचनी त्यांच्याशी हात मिळवला, कीपरशीसुद्धा.

त्या वर्षीच्या सभेत व्हायचं तेच झालं. दोन वर्षं संपली होती. चॅम्पियनवाले म्हणाले, ड्राफ्टने भानगडी वाढल्या, जुनी पद्धत बरी. हॉलमध्ये माना हलू लागल्या. पुन्हा ओळखी, पुन्हा उरलेले.

कोच उभे राहिले. “नियमाला भोक होतं. नियम मी आणला, भोकही माझंच. यापुढे तळाच्या दोन टीमच्या चिठ्ठ्या टाकायच्या. जिची आधी निघेल तिला पहिला पिक. मग तळाला पोचायची घाई कोणी करणार नाही.”

“मग या वर्षीपासूनच टाका चिठ्ठ्या,” मी म्हणालो. मला तो बोलर अजून हवा होता, आणि आम्ही तो जिंकून गमावला होता.

“नाही. या वर्षी ते चौथे आले. खेळ सुरू झाला तेव्हा जो नियम होता, त्याने पहिला पिक त्यांचा.” ते अध्यक्षांकडे वळले. “तुम्हाला बोलर मिळाला. आता ड्राफ्ट चालू राहू द्या.”

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. त्या दिवशी ड्राफ्टच्या बाजूने पहिला हात त्यांचा वर गेला. मग एकेक करत बाकीचे.

पुढच्या उन्हाळ्यात त्या बोलरने माझा मधला स्टंप उखडला. बघितलं, तर आमच्या बॅटिंगला नेहमी स्क्वेअर लेगला अंपायर म्हणून उभे राहणारे आमचेच कोच टाळ्या वाजवत होते. “काय बॉल होता बे! दिसला तरी का तुला?”

त्यानंतर वर्षभरात त्यांना ग्लासगोत कायमची कन्सल्टंटची जागा मिळाली आणि ते गेले. मी एकदा फोन केला तेव्हा म्हणाले, इथे मराठी माणसं कमी, दोनच टीम होतात, ड्राफ्ट लावला की लगेच संपतो. मंडळाने मला चौथ्या टीमचा कॅप्टन केलं.

ते गेल्यानंतरच्या सीझनची शेवटची मॅच. तळाला पुन्हा आम्ही आणि अध्यक्ष. आभाळ खाली आलेलं, रिमझिम चालू, चॅम्पियन केव्हाच ठरलेले, पहिला पिक चिठ्ठीवर, आणि बाकीच्या टीम गाड्यांत बसून सँडविच खाताहेत. शेवटच्या ओव्हरला वहिनी धावबाद झाल्या की नाही यावरून वाद पेटला. अध्यक्षांनी टोपी आपटली. मीही काही कमी बोललो नाही. कीपर तावातावाने बेल्स दाखवत होता, वहिनी क्रीजमध्ये बॅट रोवून हलायला तयार नव्हत्या. एका रनासाठी, तिसऱ्या नंबरासाठी, आम्ही सगळे भिजत भांडत होतो. स्क्वेअर लेगला अंपायर म्हणून कोणीच उभं नव्हतं. ती जागा कोचची होती, आणि तिथे जायला कोणी तयार झालं नव्हतं.