तार गिळलेलं झाड

परसातल्या आंब्याला कपडे वाळत घालायची तार मीच कधीतरी बांधली होती. आज सकाळी पाहिलं, तर खोडाने तिचा वेढा पार गिळून टाकलाय. सालीवर वणसुद्धा नाही. तार जणू झाडातूनच उगवलेली.

अंगावर काटा आला. माझ्या बायकोच्या, सुमनच्या डाव्या हातात डायलिसिससाठी कातडीखाली कृत्रिम नळी बसवली आहे. त्या हाताला काही आवळायचं नाही, म्हणून ती दोन्ही हातांच्या बांगड्या उजव्यातच घालते. डॉक्टर म्हणाले होते, "शरीर नळीला आपलंसं करतं, आतून अस्तर धरतं. पण तेच अस्तर जाड होत गेलं, की रक्ताची वाट बुजते." शरीर नळी झिडकारेल, एवढीच भीती मला होती. आता त्याच्या मायेचीही वाटते.

घरात येऊन रोजच्यासारखी नळीवर बोटं ठेवली. रक्त वाहतंय तोवर तिथे मांजराच्या घुरघुरीसारखी थरथर लागते. आज ती लागायला वेळ लागला.

"आहे ना हो?" सुमनने विचारलं.

"आहे," मी म्हणालो. पण ती थरथर नळीतली होती की माझ्या बोटांतली, ते काही केल्या कळेना.