दिसतोय की!

शेषगिरी शिंप्याचा ड्रोन तळहाताएवढा, पण उडवणाऱ्याची ऐट वैमानिकाची. ‘ड्रोन नजरेआड होऊ द्यायचा नाही,’ हा नियम तो येलवालच्या मैदानावर भेटेल त्याला दरडावून सांगे.

त्या रविवारी बॅटरी उतरताच ड्रोन आपणहून परतला आणि रस्त्यावरच्या लॉऱ्यांच्या गोंगाटात मालकाच्या मागे गवतात येऊन बसला. शेषगिरी आभाळाकडे बघत उभाच!

“दिसतोय ना?” त्याच्या बायकोनं, सीतालक्ष्मीनं विचारलं.

“दिसतोय की! तो काय!”

“अय्यो, ती घार आहे. ड्रोन तुमच्या मागे बसलाय.”

तो ओशाळला, मग उसळला. “मला कमी दिसतं म्हणतेस?”

तिनं ड्रोन उचलून पदरानं पुसला. “वर्षभर तुम्ही दुकानात यायच्या आधी सुया कोण ओवून ठेवतंय? आता आभाळाकडंही मीच बघते. उडवायचं तेवढं तुम्ही.”