ईयोबाशेजारची मोकळी जागा

"भांडायला दुसरा भाष्यकार असल्याशिवाय मी शास्त्रातल्या कुठल्याही पुस्तकावर उपदेश करत नाही," असं पाळकसाहेब एकदा म्हणाले आणि जन्मभर त्या वाक्याचे नोकर होऊन राहिले.

अभ्यासिकेच्या तिन्ही भिंतींना फळ्या. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत, बायबलच्या क्रमानेच भाष्यं लावलेली. प्रत्येक पुस्तकाला दोन: एक शब्दन् शब्द सोलणारं, दुसरं पहिल्याला खोटं पाडणारं. एकाच प्रकाशकाचा अख्खा संच त्यांनी कधी घेतला नाही. फिरता विक्रेता आला की म्हणायचे, "संच म्हणजे वरात. नवरा एकच, बाकीचे जेवायला आलेले." चर्चच्या मंडळीतले लोक म्हणत, साहेबांच्या कपाटात आठवडाभर कोर्ट चालतं, आपल्याला रविवारी नुसता निकाल.

फक्त ईयोबाच्या, म्हणजे सारं गमावलेल्या त्या भल्या माणसाच्या पुस्तकाशेजारची जागा मोकळी होती. तिथे एकच भाष्य, दुसरं मनासारखं मिळेना. पहिलं कलंडू नये म्हणून शेजारी लाकडाचा ठोकळा उभा केलेला. ईयोबावर ते कधी बोलले नाहीत. त्यांचा मुलगा तापाने गेला, तेव्हाही नाही.

पुढे मुलगी झाली. लोक म्हणाले, देवाने भरून दिलं. साहेबांनी मान हलवली. ती होकाराची होती की नाही, हे बायकोलाही कळलं नाही.

बायकोने अंथरूण धरलं तेव्हा मुलगी पाय चेपत बसलेली असताना तिने विचारलं, "अहो, ईयोबाची मुलं मेली आणि शेवटी देवानं त्याला दुसरी दिली. त्यानं पहिल्यांची भरपाई होते का?"

"दुसरं भाष्य मागवलंय. येऊ दे."

"मी तुम्हाला विचारतेय."

"उगाच काहीतरी सांगू का?"

"सांगा की. उगाच सांगितलेलं कधी ऐकलंच नाही तुमच्या तोंडून."

ते हसले. तिला बरं वाटतंय असं समजून पुन्हा वाचायला गेले.

भाष्य आलं ते ती गेल्यावर. पार्सल मुलीनेच फोडलं.

"घ्या, आला तुमचा दुसरा. आता भांडू द्या दोघांना. आईचा प्रश्न आठवतोय ना?"

त्यांनी दोन्ही भाष्यं टेबलावर उघडली, शेवटचा अध्याय काढला. बोट ओळींवरून फिरलं, थांबलं, मागे आलं. पहिल्याने लिहिलं होतं, ईयोबाचं सारं भरून निघालं. दुसऱ्यानेही तेच, जरा जास्त आनंदाने.

"काय म्हणतात?"

"एकमत आहे."

"मग राहिलात तुम्ही." ती समोरच्या स्टुलावर बसली. "बाबा, दादा गेला आणि मी झाले. तुमचं भरून निघालं का?"

त्यांनी फळीवरचा ठोकळा काढला, दोन्ही पुस्तकं जागेवर सरकवली. चपखल बसली. ठोकळा हातातच राहिला. तो कुठे ठेवावा म्हणून त्यांनी टेबलाकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. तिच्याकडे पाहिलं नाही. मग तो तसाच धरून, अनवाणी, ते बाहेर पडले.