पिचर यामिनी वानखडे

कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारात नीला राऊतला नीला म्हणणारी माणसं दोनच: तिचा नवरा सुमंत आणि तिची शेजारीण, म्हणजे मी. बाकी सगळ्यांची ती काकू. महाराष्ट्र मंडळातली मुलं काकू म्हणतातच, पण सॉफ्टबॉल लीगमधल्या गोऱ्या, मेक्सिकन, व्हिएतनामी पोरीही तिला 'कोच काकू' म्हणतात. त्यांना ते तिचं आडनावच वाटतं. तिनंही कधी कुणाला समजावलं नाही.

नीला मूळची अमरावतीची. सॉफ्टबॉल हा बेसबॉलचाच भाऊबंद, फक्त चेंडू मोठा, आणि पिचर हात पूर्ण गोल फिरवून तो खालून टाकते. विदर्भातल्या शाळांमध्ये हा खेळ जोरात चालायचा, हे मला पुणेकरणीला तिच्याकडूनच कळलं. ती महाराष्ट्राची पिचर होती. तिच्या चेंडूला नुसती बॅट लागली तरी समोरच्या टीममध्ये टाळ्या पडायच्या म्हणे, आणि थापा मारणाऱ्यांतली ती नाही. भारताच्या टीमच्या कॅम्पसाठी तिचं नाव आलं आणि त्याच उन्हाळ्यात अमेरिकेतलं स्थळही आलं. घरच्यांनी तिचं कॅम्पला जाणं रद्द केलं.

तोवर ती यामिनी वानखडे होती. लग्नात सुमंतनं ताटातल्या तांदळात अंगठीनं नीला हे नवं नाव लिहिलं. यामिनी म्हणजे रात्र, सुनेला असलं काळोखाचं नाव कशाला, असं सासूबाईंचं म्हणणं. हे ऐकून मला आलेला संताप अजून उतरलेला नाही. तिला मात्र आता संतापाचाही कंटाळा आलाय.

इथे आल्यावर बरीच वर्षं ती घरातच होती. मग मुलगी आरोही शाळेच्या टीममध्ये गेली आणि तिच्यामागून ही मैदानावर पोचली. आरोहीनं दोन सीझनमध्ये खेळ सोडला, आईनं काही सोडला नाही. ऑफिस, स्वयंपाक, मंडळाचा गणपती सांभाळून रोज संध्याकाळी पोरींना चेंडू टाकून दाखवायचा. तिच्या हाताखालच्या कितीतरी पोरी कॉलेजच्या टीममध्ये गेल्या. आता त्या आपल्या मुलींना घेऊन येतात. या सगळ्यात तिचा उजवा खांदा कामातून गेला. केस विंचरायला हात वर जात नाही. डॉक्टरांनी बस्स म्हटलं, आणि ती भांडलीसुद्धा नाही, याचंच मला वाईट वाटलं.

लीगनं ठरवलं, पिचर जिथे सराव करतात त्या जागेला तिचं नाव द्यायचं. पाटीवर पूर्ण नाव काय घालू, असं प्रेसिडेंट बाईंनी फोनवर विचारलं. तेव्हा मी नीला-सुमंतकडे चहाला बसले होते.

"नीला राऊत. स्पेलिंग मी टेक्स्ट करतो," सुमंत म्हणाला.

"थांब," नीला म्हणाली. "यामिनी वानखडे घालायचं."

सुमंतनं कप खाली ठेवला. "अगं, ती कोण हे इथे कुणाला माहितीये? कन्फ्यूज होतील लोक."

"शिकवलं नीलानं. पण बॉल टाकला तो यामिनीनं. तिचं नाव कुठेच लागलं नाही रे."

"मी स्वतः लिहिलेलं नाव आहे ते. इतकी वर्षं तुला आवडत नव्हतं?"

"तुला वाईट वाटू नये म्हणून आवडत होतं. आता दमले मी."

मी तोंड उघडणार होते. सुमंतला सुनावायचं बरंच साठलं होतं माझ्याकडे. पण त्याचा चेहरा असा उतरला, की मी त्याच्या कपात आणखी चहा ओतला. त्यानं फोन उचलला आणि एकेक अक्षर विचारत स्पेलिंग टाइप केलं. वानखडेचं त्याला येत नव्हतं.

पाटी लागली त्या शनिवारी गर्दी चांगली होती. निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत तिचं माहेरचं नाव. नीला पाटीसमोर उभी राहिली, पण तिनं फोटो काढू दिला नाही. टाळ्या झाल्या, केक कापला, भाषणांत सगळे काकू काकूच करत होते. मग ती बाकावर येऊन माझ्याशेजारी बसली. सुमंत गाडीतून शेकायची पिशवी आणायला गेला.

सरावाच्या पोरी पाटीखाली जमल्या. त्यांच्यातली आन्या धावत आमच्याकडे आली.

"कोच काकू, हू इज यामिनी?"

मी सांगायला पुढे झाले. नीलानं डाव्या हातानं माझा हात दाबून धरला.

"अ पिचर," ती म्हणाली. "शी वॉज व्हेरी गुड."

"डिड यू नो हर?"

"अ लिटल," नीला म्हणाली, आणि तिला सरावाला पाठवून दिलं.